कॅरिबियन बीचवर रेस्टॉरंट टाकायचंय? शॅक, काँक्रीट की खांबांवरचं

क्रूझच्या किचनमध्ये काम करणारी आपली कोकण-गोव्याची पोरं सेंट मार्टिन, बार्बाडोस, जमैका बघून येतात आणि एखाद्याच्या डोक्यात घुसतंच की इथे वाळूवर छोटंसं काहीतरी टाकलं तर. जागा, लोकल पार्टनर, लायसन्स हा वेगळा विषय, त्यात मी पडत नाही. बांधायचं कसं तेवढंच बोलू, कारण १ जून ते ३० नोव्हेंबर तिथे हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा सीझन असतो आणि वादळ काही आपल्या पावसाळ्यासारखं दरवर्षी हजेरी लावत नाही, वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एका रात्रीत सगळं साफ.

आधी एक गोष्ट, वारा आणि पाणी ही दोन वेगळी संकटं आहेत आणि एकावरचा इलाज दुसऱ्याला चालत नाही. हरिकेनची सगळ्यात वरची कॅटेगरी ५ म्हणजे ताशी २५२ किमी किंवा जास्त वारा, पण ती कॅटेगरी फक्त वाऱ्याची, पाणी किती चढणार ते त्यात मोजलेलंच नसतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आणि समुद्राचं पाणी एका घनमीटरला टनाच्या वर भरतं, ते लाटेबरोबर येऊन आदळलं की काय होईल ते बघा.

पहिला ऑप्शन लाकडी शॅक, पत्रा किंवा झावळ्यांचं छप्पर, चारी बाजूंनी मोकळं. लोक हसतात याला पण यामागे हिशोब आहे, तुटणारच आहे तर स्वस्तात तुटू दे. जमैकात पॅरॉटी बेमध्ये भर समुद्रात वाळूच्या पट्ट्यावरचा पेलिकन बार, २००१ मध्ये एका मच्छीमाराने वाहून आलेल्या लाकडांतून उभा केलेला, २००४ च्या आयव्हन हरिकेनने नेला, परत बांधला, २०२४ मध्ये बेरिलने मोडला, परत बांधला. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या योस्ट व्हॅन डाइक बेटावरचा सॉगी डॉलर बार २०१७ च्या इर्मामध्ये उद्ध्वस्त झाला आणि काही महिन्यांत पुन्हा गिऱ्हाईक घ्यायला लागला. काँक्रीटचं मोडलेलं काहीतरी इतक्या लवकर उभं करून दाखवा.

पण आपल्याकडे गोव्यात पावसाळ्याआधी शॅक उतरवतात तसं करू असं मनात असेल तर थांबा. मान्सून कधी येणार ते माहीत असतं, हरिकेन तुमच्या बेटावर येणार हे नीट कळेपर्यंत हातात दोन-तीन दिवस उरतात, आणि तेव्हा सगळं बेट पेट्रोल, पाणी आणि प्लायवूडच्या लाइनीत उभं असतं, मदतीला माणूस कुठून मिळणार. म्हणजे शॅक नट-बोल्टवर हवा, चार माणसांनी एका दिवसात खोलून ट्रकवर टाकता आला पाहिजे. बार्बाडोसची जुनी चॅटल हाऊसेस अशीच, मळ्यावरच्या मजुरांची जमीन स्वतःची नसायची म्हणून घर सुटं करून नेता यावं असंच बांधायचे. उतरवला नाही तर तुमचाच पत्रा उडत जाऊन शेजाऱ्याची काच फोडतो, हेही लक्षात असू द्या.

दुसरा ऑप्शन, जो सगळ्यांना पहिला सुचतो, काँक्रीट. ब्लॉकच्या भिंती, पोकळ्यांत सळई आणि काँक्रीट भरलेलं, वरून बीम फिरवलेला, डोक्यावर स्लॅब. नीट केलं असेल तर वाऱ्याला याच्यासारखं काही नाही. पण बीचवर पाणी भिंत फोडत बसत नाही, खालची वाळू उपसतं, पाया उघडा पडला की जमिनीवर टेकलेली लादी तडकते आणि भिंतीही बसतात. २०१९ मध्ये डोरियनच्या वेळी बहामासमध्ये अबाको बेटाच्या काही भागात पाणी २० फुटांच्या आसपास किंवा वर चढलं होतं, इतक्या पाण्यात भिंत राहिली तरी आतलं काय राहणार?

त्यात बीच रेस्टॉरंट म्हटलं की समुद्राकडची अख्खी बाजू काचेची हवी असते सगळ्यांना. एक काच गेली की वारा आत घुसतो आणि छप्पर खालून वर ढकलतो, बाहेरून ओढ असतेच, मग ते जातंच. म्हणून रोलर शटर किंवा हरिकेनची जाड काच, दोन्ही महाग, आणि बजेटमध्ये कापाकापी सुरू झाली की नेमकं हेच आधी कापलं जातं. शिवाय कॉन्ट्रॅक्टरने समोरचीच वाळू कालवली तर मीठ सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो, काँक्रीट फुटतं, यासाठी वादळाची गरजसुद्धा नाही.

तिसरा, खांबांवरचं. खोल ठोकलेले पाइल, जेवायचा मजला वर, खाली मोकळं किंवा दणका बसला की सहज सुटून पडतील अशा हलक्या भिंती, म्हणजे पाणी खालून निघून जातं. अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्टो रिको आणि व्हर्जिन आयलंड्समध्ये लाटांच्या झोनमध्ये नवीन बांधायचं तर हीच पद्धत लागते. पाण्यासाठी हा सगळ्यात शहाणा उपाय. तोटा धंद्याचा आहे. लोक तिथे पाय वाळूत घालून मासे खायला येतात आणि तुम्ही त्यांना जिना चढायला लावता, आजी-आजोबांचं काय, व्हीलचेअरचं काय, वेटरने दिवसभर ट्रे घेऊन किती वेळा वर-खाली करायचं. वर वाराही जास्त लागतो, म्हणून खांबांना आडवे-तिरपे टेके लागतात आणि खर्च वाढत जातो.

फूड ट्रक किंवा कंटेनरचं कुणी सुचवेल. ट्रक उंचावर नेऊन ठेवता येतो, सुरुवातीला चांगला. रिकामा कंटेनर मात्र जमिनीला नीट जखडला नाही तर पाण्यावर चक्क तरंगतो.

मला विचाराल तर दोन तुकडे करा. पैसा कुठे अडकलेला असतो? टेबल-खुर्च्यांत नाही, किचनमध्ये. फ्रीझर, जनरेटर, चिमणी, ग्रिल, वायरिंग. तर किचन आणि स्टोअर मागे सरकवून, जमेल तितक्या उंचीवर, पाइलवर काँक्रीटचं छोटंसं बांधा, खिडक्या कमी, शटर पक्कं, गॅस सिलिंडर साखळीने बांधलेले. आणि पुढे वाळूवर जेवायचा मांडव लाकडी, बोल्टवर, उतरवता येईल असा, गेलाच तर जाऊ दे. गिऱ्हाइकाला वाळू मिळते, तुम्हाला वादळानंतर निदान चूल मिळते, आणि तेव्हा बेटावर गरम जेवण विकणारे फार थोडे असतात.

किचनला स्लॅब परवडत नसेल तर छपरात कंजुषी नको. दुपाखीपेक्षा चौपाखी, उतार साधारण ३० अंश, वासे भिंतीला नुसत्या खिळ्यांनी नाही तर लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले, म्हणजे छपरापासून पायापर्यंत साखळी कुठे तुटायला नको. पत्र्याला स्क्रू, कडेला आणि कोपऱ्यात जास्त जवळजवळ, कारण उचकटायला सुरुवात तिथूनच होते. आणि पुढच्या पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, पडवी गेली तर एकटी जाईल. हे तिथल्या जुन्या सुतारांना चांगलं माहीत आहे, नवीन डिझायनर लोकांना लांबलचक एकसंध छप्पर फार आवडतं.

विम्याचं थोडक्यात, हरिकेनच्या क्लेममध्ये आधी तुमच्या खिशातून जायची रक्कम बऱ्याचदा विमा रकमेच्या टक्क्यांत असते, नुकसानीच्या नाही, आणि वाळूवरच्या लाकडी मांडवाला कव्हर मिळेल असं धरूनच चालू नका.

बाकी बेट कुठलं यावरही आहे. अरुबा, बोनेअर, कुरासाव दक्षिणेला आहेत, तिथे थेट तडाखा क्वचित, तिथे मी साधा शॅक टाकून मोकळा होईन. पण ग्रेनाडाही दक्षिणेलाच, तिथे १९५५ च्या जॅनेटनंतर लोक निर्धास्त झाले होते, मग २००४ मध्ये आयव्हनने बहुतेक घरांची छपरं नेली आणि २०२४ च्या १ जुलैला, सीझन नुकताच लागलेला असताना, बेरिलने त्यांचं कॅरियाकू बेट झोपवलं. तिथे किंवा जमैका-बहामासला काढणार असाल तर आधी मागच्या किचनचा खर्च बाजूला काढा, आणि उरेल त्यात मांडव.