ऱ्हाइनहेसेनच्या नॅचरल वाइन : नऊ महिने, २४ बाटल्या

जर्मनीतल्या ऱ्हाइनहेसेनमधलं हे एका कुटुंबाचं वाइनघर, बायोडायनॅमिक शेतीचं डेमेटर प्रमाणपत्र असलेलं. नऊ महिन्यांत सहा-सहाची चार खोकी रिकामी झाली. त्यात पांढऱ्या द्राक्षांच्या दोन, सालासकट आंबवलेली सिल्व्हानर आणि साधी रिस्लिंग, शिवाय टिकवण्यासाठीचं सल्फर अजिबात न घातलेली लाल श्पेटबुर्गुंडर (म्हणजे पिनो न्वार) आणि फसफसती पेटनाट अशा चार तऱ्हा होत्या. बाटली १४ ते २२ युरोंना पडली.

आधी एक घोळ निस्तरू. बायोडायनॅमिक आणि नॅचरल एकच नव्हे: बायोडायनॅमिक ही शेताची गोष्ट, नॅचरल ही तळघराची, म्हणजे वाइन करताना होईल तितकं कमी घालण्याची. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनरच्या १९२४ सालच्या व्याख्यानांतून आलेली बायोडायनॅमिक शेती: गाईच्या शिंगात शेण भरून शरदात पुरायचं, वसंतात उकरायचं, तासभर पाण्यात ढवळून शिंपडायचं. शिंगामुळे चव बदलते असं चोवीस बाटल्यांत तरी कुठे जाणवलं नाही. हाताने निवडून तोडलेली निरोगी द्राक्षं मात्र जाणवतात. युरोपात सेंद्रिय वाइनलाही लिटरमागे लालमध्ये १०० आणि पांढरीत १५० मिलीग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं. त्यामुळे प्रमाणपत्र बघून ‘बिनसल्फरची’ असं धरून चालू नका. बाटलीत भरताना सल्फर किती घातलं, हे सरळ विचारावं. बरं, काहीच घातलं नसलं तरी ‘सल्फाइट आहे’ असं लेबलवर दिसू शकतं, कारण यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं आणि १० मिलीग्रॅमच्या वर गेलं की लिहावंच लागतं.

लेबलवर नुसतं ‘लांडवाइन’ (खालच्या पायरीची प्रादेशिक वाइन) आहे म्हणून नाक मुरडू नका. त्यावरची पायरी, ‘क्वालिटेट्सवाइन’, म्हणवायला चव-तपासणीतून सरकारी क्रमांक मिळवावा लागतो. न गाळलेली, गढूळ वाइन तिथे बऱ्याचदा अडकते, म्हणून अनेक जण त्या वाटेला जातच नाहीत.

चौघींत सरस सिल्व्हानर. रंग फिक्या जर्दाळूचा, घोटानंतर हिरड्यांवर चहासारखा तुरटपणा. ही फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली तर नुसती कडू लागते. थंडीत तुरटपणा पुढे येतो आणि वास दबतो. १२ ते १४ अंश हवेत, म्हणजे फ्रिजबाहेर साधारण अर्धा तास. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी. पहिले चार ग्लास निवळ येतात, शेवटचा पिठूळ. गाळ निरुपद्रवी आहे, पण हलवून मिसळलात तर चव जाडसर होते. जेवणात अळूवडीशी हिची गट्टी जमते, कारण चिंच-गुळापुढे ही फिकी पडत नाही. २४ जूनपर्यंत मिळणाऱ्या पांढऱ्या श्पार्गेलसोबत (शतावरीच्या कोंबांसोबत) मात्र रिस्लिंगच काढा.

रिस्लिंगच्या दोन बाटल्यांना उघडताच उकडलेल्या अंड्याचा वास होता. आंबताना यीस्टला पोषण कमी पडलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि गाळावर हवेविना ठेवलेल्या वाइनमध्ये तो कोंडून राहतो. जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवली की बहुतेक वेळा जातो. नाहीच गेला तर घासून स्वच्छ केलेली तांब्याची तार ग्लासात मिनिटभर फिरवून काढावी. घरात तांब्या-पेला आहे म्हणून त्यातच ओतायचा मोह होईल, तो टाळा. आम्लाने तांबं सुटतं.

पेटनाटची तक्रार वेगळी. आंबवणाचा शेवटचा टप्पा बाटलीतच होतो, तळाशी यीस्ट असतं, आणि बाटली कोमट किंवा हललेली असेल तर गाळाच्या कणाकणावर बुडबुडे धरतात. एक बाटली अशीच एक तृतीयांश ओट्यावर गेली. चोवीस तास फ्रिजमध्ये उभी, ६ ते ८ अंश, आणि बूच सिंकवर धरून दाब सोडत-सोडत उचलायचं.

श्पेटबुर्गुंडरवर मात्र राग आहे. पहिल्या संध्याकाळी चेरी, ओली माती, सगळं छान. दुसऱ्या दिवशी सहापैकी दोन बाटल्यांत ‘उंदीर’, म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव. हा दोष नाकाला कळत नाही. घोट गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी घशामागून वर येतो. वाइनच्या आम्लात तो दबलेला असतो, लाळेने आम्ल उतरलं की सुटतो. चाचणी सोपी: चमचाभर वाइनमध्ये चिमूटभर खायचा सोडा घालून हुंगा. यामागच्या संयुगांपैकी एक तेच, ज्याने आंबेमोहोराचा भात घमघमतो! भातात सुगंध, इथे उंदराचा पिंजरा. कारण लॅक्टिक जिवाणू किंवा ब्रेट नावाचं रानटी यीस्ट, सल्फरचा अभाव आणि हवा. काहींना हा जाणवतच नाही, त्यामुळे टेबलावर वाद ठरलेला. उघडल्यावर यावर इलाज नाही. न उघडलेली सहा-आठ महिने पडू दिली तर कधीकधी ओसरतो. घेतलीतच तर त्याच संध्याकाळी संपवा.

कुरिअरने आलेलं खोकं आठवडाभर आडवं, अंधारात, १४ अंशांच्या आसपास पडू द्यावं (पेटनाट उभी). भारतात नेताना माणशी दोन लिटर शुल्काविना चालतं, म्हणजे दोन बाटल्या. त्या सिल्व्हानरच्या असू द्या. पेटनाट सुटकेसमध्ये नको. बिनसल्फरची लाल मेमधल्या पुण्यात तर अजिबात नको.

पुढच्या खोक्याची मागणी: चार सिल्व्हानर, दोन रिस्लिंग.