तीन फाशांचा ‘आधा-आधा’ डाव: मेळ्याला जाताना सावध राहा

माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा म्हणजे शहरातल्या लष्कर नावाच्या भागात राहणाऱ्या आम्हा मराठी घरांचा हिवाळ्यातला सणच. यंदा मेळ्याबाहेरच्या रस्त्यावर सतरंजी टाकून बसलेल्या एकाने माझ्या भाच्याला लुबाडलं. कोचिंगच्या फीचे पैसे गेले. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही, म्हणून हे लिहितोय.

खेळ असा: एक ते सहांतल्या एका आकड्यावर पैसे लावायचे. तीन फाशांपैकी एकावर जरी तो आला, तर लावले तेवढेच वर मिळणार; नाही आला तर गेले. माणूस सारखा सांगत होता, “एक पासे पे छह में एक, तीन पासे तो छह में तीन. आधा-आधा, भैया!” लोक फासे हातात घेऊन उलटसुलट बघत आणि समाधानाने खाली ठेवत. फासे खोटे असण्याची गरजच नव्हती. लबाडी त्या बेरजेत होती.

त्याच्याच बेरजेने सहा फासे घेतले तर सहात सहा, म्हणजे आकडा यायलाच हवा! प्रत्यक्षात साधारण तीनातल्या एका फेकीत तो येतच नाही. कारण प्रत्येक फासा स्वतंत्र पडतो, आणि अशा ठिकाणी गुणाकार करावा लागतो. एका फाशावर आपला आकडा न येण्याचा भाव पाचास एक (पाच बाजू आपल्या विरुद्ध, एक आपली), म्हणजे शक्यता ५/६. तिन्हींवर न येण्याची शक्यता ५/६ तीनदा गुणून १२५/२१६. आपल्या बाजूला उरतात ९१. खरा भाव आपल्या विरुद्ध १२५ ला ९१, आणि तो देत होता एकास एक. दहा-दहा रुपयांचे २१६ डाव खेळलात, तर सरासरीने ३४० रुपये त्याच्या खिशात.

भाचा हरत गेला तसं दुसरं आमिष आलं: “चौका कब से नहीं आया, अब तो आएगा ही.” सगळ्यात जास्त पैसे इथेच गेले. याचा मला फार संताप येतो, कारण हरलेल्या मुलाला हेच ऐकायचं असतं. चौका दहा फेकींत आला नसला, तरी अकराव्या फेकीला तेच १२५ आणि ९१.

मुलं बरोबर असताना असा डाव दिसला तर त्यांना ओढून नेऊ नका. बाजूला उभं करून तिन्ही फाशांवर आकडा न येण्याची शक्यता त्यांच्याकडूनच काढून घ्या.