लेझरने केस काढायला लागले त्याला वर्ष होत आलं: पायांचा हिशेब वेगळा, हनुवटीचा वेगळा

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असलेल्यांची सोय. पाय आणि काखा: पैसे वसूल. हनुवटी: अर्धेमुर्धे वसूल, काम अजून चालूच. गाल: केलेच नाहीत, आणि ते करू दिले नाहीत म्हणून डॉक्टरांचे उपकार मानते. क्लिनिकच्या दरपत्रकावर हे सगळे भाग एकाखाली एक छापलेले असतात. त्यामुळे वाटतं की मशीन तेच, काम तेच, जागा तेवढी वेगळी. प्रत्यक्षात चेहरा आणि बाकीचं अंग ही दोन निरनिराळी प्रकरणं आहेत आणि पॅकेज घेण्याआधी हे डोक्यात पक्कं असलेलं बरं.

मी फोंड्याची, नोकरीला पणजीत. वय तिशीपार, पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशाशी निगडित हॉर्मोनची गडबड, कॉलेजपासून पाठीला लागलेली. हनुवटीवर जाड, काळे, टोचणारे केस. थ्रेडिंग करून आठवडा होत नाही तोवर पर्समधला चिमटा बाहेर निघायचा. पायांना वॅक्सिंग सोसत नव्हतं, दर वेळी आत वळलेल्या केसांच्या पुटकुळ्या यायच्या. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला सुरुवात केली, आता शिमगो उरकला.

हे काम चालतं कसं ते थोडं सांगते, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. लेझरचा प्रकाश केसातलं मेलानिन, म्हणजे काळा रंग, शोषून घेतं. त्याची उष्णता होते आणि ती मुळापर्यंत पोचून मूळ निकामी करते. अमुक रंगालाच तापवायचं, आजूबाजूला हात लावायचा नाही, ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडली. गोची अशी की तेच मेलानिन आपल्या कातडीतही आहे, आणि आपण गोव्यातली माणसं काही गोरीपान नाही. म्हणून मशीनची तरंगलांबी महत्त्वाची. ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट उजळ कातडीसाठी, १०६४चं एनडी-याग सावळ्या आणि काळ्या कातडीला सगळ्यात सुरक्षित, आणि ८१०च्या आसपासचं डायोड मधलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डायोडच दिसतं. आयपीएल हे लेझर नव्हेच, तो अनेक तरंगलांबींचा मिसळलेला झोत असतो. ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रं बहुतेक आयपीएलवालीच असतात. पांढऱ्या केसात रंगच नाही, त्यामुळे त्यावर लेझर काही करत नाही. चाळिशीनंतर हनुवटीवर पांढरे केस सुरू झाले असतील, तर पैसे भरण्याआधी आरशासमोर उजेडात बसून ते मोजा.

एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात आणि लेझर वाढीतल्या केसांनाच नीट लागू पडतं. म्हणून सहा ते आठ सेशन, चेहऱ्याला साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, अंगाला त्याहून जास्त. अंतर कमी करून लवकर उरकू म्हणणाऱ्या क्लिनिकपासून दूर राहा. आणि बोर्डावरचं ‘कायमचे केस जातील’ हे वाक्य सोडून द्या. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्य केलेला दावासुद्धा केस कायमचे कमी होण्याचा आहे, एकूण एक नाहीसे होण्याचा नाही.

आता सगळ्यात जाचक भाग. लेझर चालू असेपर्यंत वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर तापवणार काय? फक्त रेझर चालतो, आणि सेशनच्या आदल्या दिवशी तो फिरवायचाच असतो. पायांवर रेझर फिरवण्यात काही नाही. हनुवटीवर फिरवताना मात्र पहिल्यांदा हात थरथरतो. ‘वस्तऱ्याने केस जाड येतात’ हे लहानपणापासून ऐकलेलं. ते खरं नाही, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतं इतकंच. पण चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर पाहुण्यांनी भरलेलं, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आरती चाललेली आणि माझ्या हनुवटीवर दोन दिवसांचे खुंट, तेव्हा हे शास्त्र काकूला कोण समजावणार? ती प्रसादाचं ताट हातात देता देता म्हणालीच, ‘‘बाय, हे काय गो? पार्लरात जायला वेळ मिळत नाही?’’ लग्नकार्य, चवथ, जत्रा यांचं कॅलेंडर समोर ठेवूनच तारखा घ्या.

सेशन कसं असतं? आधी पांढऱ्या पेन्सिलीने पायावर चौकोन आखतात, म्हणजे एकच जागा दोनदा होत नाही. मग थंडगार जेल. डोळ्यांवर काळा चष्मा, तो नसेल तर उठून निघून या. हँडपीसचं, म्हणजे मशीनच्या हातात धरायच्या भागाचं, टोक गार असतं, ते टेकतं, एक टिक असा आवाज येतो आणि फोडणी देताना तेलाचा थेंब हातावर उडावा तशी चुणूक लागते. नडगीवर आणि घोट्याजवळ जास्त, पोटरीवर जवळजवळ नाही. काखेत डोळ्यांत पाणी येतं, पण ते काम पाच मिनिटांत संपतं. ओठावर शिंक आल्यासारखं होतं. खोलीभर जळक्या केसांचा वास. नंतर केसाच्या प्रत्येक छिद्राभोवती बारीक लालसर फुगवटा येतो. तो यायलाच हवा, काही तासांत जातो. पंधरवड्याने केस पुन्हा वाढल्यासारखे दिसतात आणि बाई क्लिनिकला फोन लावते. ते मेलेले केस बाहेर ढकलले जात असतात. आंघोळीला साबण लावून पंचा हलका फिरवला की पंच्यावरच येतात.

बधिर करणारं क्रीम थोड्या जागेपुरतं, डॉक्टरांनी दिलेलं असेल तर ठीक. घरून दोन्ही पायांना थापून वर प्लॅस्टिक गुंडाळून जायचं असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. अशाच प्रकारात अमेरिकेत दोन तरुणींचा जीव गेला होता आणि २००७ मध्ये एफडीएने त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

गोव्यात राहून लेझर करायचं तर खरा शत्रू ऊन. टॅन झालेल्या कातडीत मेलानिन जास्त, म्हणजे चटका केसाऐवजी कातडीला. मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला गेलात तर काही बिघडत नाही. पण स्कूटरवरून रोज ऑफिस गाठणारीचे हात आणि गुडघ्याखालचे पाय बघा, समुद्राकडे न जाताही दोन रंगांचे असतात. म्हणून पावसाळ्यात सुरुवात करणं सोयीचं. तरी ढगांतून अतिनील किरण येतातच, तेव्हा सनस्क्रीन भर पावसातसुद्धा. घामाने ते दोन तासांत वाहून जातं ही इथली कटकट आहे, त्यावर मला सापडलेला इलाज म्हणजे सुती पँट आणि पूर्ण बाह्या. दिवाळीत एक सेशन नरकचतुर्दशीच्या अगदी आधी आलं. दोन दिवस कढत पाणी नाही, घासाघाशी नाही असं सांगितलेलं, म्हणजे अभ्यंगस्नानाचं तेल पायांना नाही आणि उटणंही नाही. आईला ते फार लागलं.

टॅटू असेल तर तिथे लेझर नाही, शाई तापून भाजतं. जुनं गोंदण असेल तरी तेच. तीळ झाकून घेतात. मुरमांच्या गोळ्या, डॉक्सीसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स, रात्री लावायचं रेटिनॉल, जे काही चालू असेल ते आधी सांगायचं. गरोदरपणात थांबतात.

मला फटका बसला तो नाताळानंतरच्या सेशनला. नेहमीची मुलगी रजेवर, नवीन मुलीने कार्ड काढलं आणि मागच्या वेळचं सेटिंग तसंच लावलं. मधल्या काळात उन्हात किती होता, एवढा साधा प्रश्न तिला सुचला नाही. हिवाळ्यातलं आमचं ऊन कोरडं आणि कडक, पाय चांगलेच रापले होते. त्याच रात्री डाव्या नडगीवर हँडपीसच्या टोकाच्या मापाच्या दोन आयताकृती पट्ट्या उठल्या, फोड नाही, पण लाल आणि भगभगणाऱ्या. पुढे त्या तपकिरी पडल्या. डॉक्टरांनी थोडे दिवस सौम्य स्टेरॉइडचं क्रीम आणि मग फक्त सनस्क्रीन दिलं. आता पट्ट्या पुसट झाल्यात, माहीत असलेल्यालाच दिसतात. क्लिनिकने पुढचं सेशन फुकट देऊ केलं, सॉरी मात्र कुणी म्हटलं नाही. तेव्हापासून मी कार्ड स्वतः बघते. त्यावर दर वेळचे जूल, म्हणजे लेझरच्या ऊर्जेचा आकडा, लिहिलेले असतात. ते वाढवताना कातडी पाहिली का, हे विचारते, आणि पायावर एका कोपऱ्यात आधी दोन टिक करून दाखवा म्हणते. मॅडम कटकटी आहेत असं त्यांच्यात बोलत असतील, बोलोत.

आता चेहरा. पायांचे केस एकदा गेले की बहुतांशी गेले, कारण तिथे नवीन केस उगवा असं सांगणारं कुणी नसतं. हनुवटीला मात्र हॉर्मोन रोज सांगत असतात. पीसीओडीत पुरुषी हॉर्मोन वाढलेले असतील तर लेझर जुने जाड केस मारतं, आणि शेजारची मऊ लव हळूहळू जाड होऊन त्यांची जागा घेते. पाळी अनियमित असेल, केस अचानक वाढले असतील, तर आधी रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी, मग लेझर. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोग विभाग आहे, स्त्रीरोग विभागही आहे. क्लिनिकच्या सोफ्यावर बसून पॅकेज ऐकण्याआधी तिथल्या ओपीडीतली रांग परवडली. माझ्या डॉक्टरांनी गोळ्या आणि वजन यांवर काम सुरू केल्यावरच हनुवटीत फरक दिसायला लागला.

गालांचा किस्सा यातलाच. काउंटरवरची बाई दर वेळी म्हणायची, ‘‘मॅडम, थोडेच जास्त भरून फुल फेस करून टाका ना.’’ स्वस्त पडत होतं आणि मी जवळजवळ तयार झाले होते. डॉक्टरांनी उजेडाशी नेऊन गाल पाहिला आणि नाही म्हणाले. गालावर, जबड्याच्या कडेला आणि मानेवर असलेल्या बारीक लवेला लेझरची अर्धवट ऊब मिळाली, तर ती मरण्याऐवजी जाड आणि काळी होऊन वाढू शकते. दक्षिण आशियाई बायकांत, त्यातही हॉर्मोनची गडबड असलेल्यांत, हे जास्त पाहायला मिळतं. पायांच्या बाबतीत ही भीती फारशी नसते. फुल फेस विकणाऱ्या बाईने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पैशांचं थोडक्यात. रक्कम सांगत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळी आणि घासाघीस चालते. पायांना पॅकेज घेतलं तर चालतं, कारण सेशन किती लागणार याचा अंदाज बांधता येतो. चेहऱ्याला पॅकेज घेऊ नका, दर सेशनला पैसे द्या. पॅकेजची मुदत, मध्ये गरोदर राहिलात तर काय, जीएसटी धरून की वेगळा, हे पावतीवर लिहून घ्या. आणि पहिली तपासणी डॉक्टरच करतात की काउंटरवालीच ‘स्किन टाइप’ ठरवते, हे बघा. मशीनच्या नावाची जाहिरात कितीही मोठी असो, मला फरक पडला तो ते हातात धरणाऱ्या माणसाने.

आजची स्थिती अशी. पायांवर तुरळक, बारीक केस, महिन्यातून एकदा रेझर पुरतो आणि पुटकुळ्या बंद. काखा जवळजवळ साफ, काळपटपणाही उतरला, अर्थात तो वॅक्सिंगची ओढाताण थांबल्यामुळे असावा. हनुवटीवर दिवसाआडचा रेझर आता आठवड्यावर आलाय आणि केस मऊ झालेत. वर्षातून एखाददुसरं सेशन त्यासाठी कायम लागेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पुढचं मी पाऊस लागल्यावर घेणार आहे. पायांचं पॅकेज रिन्यू करा म्हणून क्लिनिकचा फोन दर महिन्याला येतो, तो मी उचलत नाही.