टॉर्चच्या खोलीची हवा : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

काचेचे मणी घरीच करायचे ठरले, तेव्हा खर्चाच्या यादीत टॉर्च (काच वितळवणारा गॅसचा बर्नर), सिलिंडर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, छोटी भट्टी सगळं होतं. हवा नव्हती. नागपूरच्या मानेवाड्यातल्या घराची वरची खोली, १० बाय १२ ची. दुकानदाराने "मॅडम, किचनचा एक्झॉस्ट पुरतो" म्हणत भिंतीतला पंखा गळ्यात मारला. त्याला डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा पाइप, जोडला तर पाती गरगर फिरायची आणि हवा ढिम्म. तसला पंखा थेट भिंतीपलीकडे हवा फेकायला असतो, पाइपचा अडथळा त्याला झेपत नाही. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे आणि मी काचेच्या रंगीत कांड्यांना नावं ठेवायचे. खरं तर टॉर्चच्या तापात हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नायट्रोजन डायऑक्साइड हा चुरचुरणारा वायू होतो; काच कुठलीही असो.

मग नीट हिशोब केला. टॉर्चवर धूर ओढून घेणारा हुड लावायचा, त्याचं तोंड तीन बाय दोन फूट. तिथे हवा मिनिटाला १०० फूट वेगाने आत ओढली जायला हवी, म्हणजे ६०० घनफूट, तासाला साधारण १००० घनमीटर. डब्यावरचा आकडा डक्ट जोडल्यावर मिळत नाही, म्हणून १३०० चा इनलाइन फॅन (पाइपच्या मध्येच बसणारा) बर्डीच्या बाजारातून आणला. ८ इंची गुळगुळीत पाइप, एकच वळण, तोंड गच्चीवर.

इथवर सगळे येतात. माझी फजिती पुढे झाली. १० फूट उंच खोलीत हवाच १२०० घनफूट, म्हणजे दर दोन मिनिटांनी अख्खी खोली बाहेर! तेवढीच आत यायला नको? डिसेंबरच्या थंडीत मी खिडकी लावून घेतली. दार ढकलूनही उघडेना, फॅनचा आवाज बदलला. अगरबत्ती घेऊन कानाकोपरे तपासले, तर बाथरूमच्या दाराखालून धूर खोलीत येत होता. बाथरूममध्ये गॅस गीझर! तो चालू असता तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड माझ्याकडेच आला असता, आणि त्याला वासही नसतो. सासूबाई दारातून म्हणाल्या, "काहून वो, भर दुपारी अगरबत्ती घेऊन काय शोधून राहिली?"

आता टेबलासमोरच्या भिंतीत खाली दोन बाय एक फुटाची जाळी आहे. पाठीमागून हवा घेऊ नका. ती अंगाला वळसा घालून छातीपुढे भोवरा करते आणि धूर नाकाशी आणते.

मे महिन्यात एसीचा विचारही व्यर्थ होता, गार हवा दोन मिनिटांत गच्चीवर. कूलर मात्र बाहेरचीच हवा आत ढकलतो. "कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेव" हे नागपूरच्या पोराला सांगावं लागत नाही. मला तेच उलटं, हवा बाहेर काढायची तर आत यायलाही वाट हवी, हे समजायला सहा महिने लागले. पण कूलर थेट टेबलावर सोडला तर ज्वाला लवते, आणि वळवलेला मणी टक् करून तडकतो. माझा निळा-पांढरा मणी असाच गेला. आता कूलर शेजारच्या खोलीत, मधलं दार उघडं; हवा तीच, झोत नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साचतो. वरचा हुड त्याला काही करत नाही. म्हणून सिलिंडर बाल्कनीत ठेवलाय. तक्रार एकच: जाळी धुळीने भरते. पंधरा दिवसांनी टूथब्रशने घासते. मेमध्ये दर आठवड्याला.