एक मिलिमीटर जास्त: बालवर्गातले लाकडी ठोकळे, काही महिने वापरल्यानंतर

वाढीव ठोकळ्यांची पेटी आली, ठोकळे मांडणीवर लागले आणि छान चाललेला ठोकळ्यांचा कोपरा आठवडाभरात बिघडला. कारण एवढंच, की जुन्या ठोकळ्याची जाडी ३५ मिमी आहे आणि नव्याची ३६. नाव तेच, बीचचं लाकूड तेच, बनवणारे तेच, पेटीवर छापलेलं मापही तेच. विक्रेत्याचं उत्तर आलं, “लाकूड आहे, एवढं इकडेतिकडे चालायचंच. तीन-चार वर्षांच्या मुलांना एका मिलिमीटरचं काय कळतंय?”

सगळ्यात आधी मुलांनाच कळलं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहायला हवा.

मूळ संचाबद्दल तक्रार नाही. रोज आपटून, ओढून, पाडूनही एकही ठोकळा तडकलेला नाही, कडा अजून गुळगुळीत आहेत. प्रश्न जोडसंचाचा आहे आणि तो समजण्यासाठी प्रमाण लक्षात घ्यावं लागतं. मूळ एकक ठोकळा १४० × ७० × ३५ मिमीचा. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. लांबीने अर्धा, दुप्पट, चौपट, शिवाय त्रिकोणी, कमानी, सगळं याच एककातून निघतं. कॅरोलिन प्रॅट यांनी १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांची शाळा सुरू केली, त्याच सुमाराचे हे त्यांचे ठोकळे. त्यांनी पेटंट घेतलं नाही. त्यामुळे कुणीही हे ठोकळे बनवू शकतं, ही चांगलीच गोष्ट. पण त्यामुळेच प्रत्येक कारखान्याचं माप जरा वेगळं निघतं आणि दोन ठिकाणचे ठोकळे एकत्र करू नयेत, हे जाणकारांना ठाऊक असतं. इथे मात्र एकाच ठिकाणचे दोन घाणे एकमेकांशी जुळत नाहीत.

आता एक मिलिमीटर काय करतो ते पाहा. एकक आडवा ठेवून त्यावर दुसरा आडवा ठेवला की उंची होते ७० मिमी, म्हणजे कडेवर उभ्या केलेल्या एका ठोकळ्याएवढी. चार आडवे एकावर एक ठेवले की १४०, म्हणजे टोकावर उभ्या केलेल्या एका ठोकळ्याएवढे. हे कुणी शिकवत नाही. पूल करताना एका बाजूला उभा ठोकळा लावला आणि दुसऱ्या बाजूसाठी उभे संपले, तर मूल आडवे रचत जातं आणि चौथ्याला थांबतं. वर टाकलेली पाटी, म्हणजे लांब ठोकळा, बरोबर बसते. “चार झोपलेले म्हणजे एक उभा” हे त्याच्या हाताला समजतं. पुढे गुणाकार, अपूर्णांक, समान उंची हे शब्द भेटतील तेव्हा भेटतील.

नव्या ठोकळ्यांनी चार आडवे रचले की होतात १४४. चौपट ठोकळ्याची पाटी वर टाकली की एक टोक चार मिमी वर. वर आडवा ठेवलेला दंडगोल हळूच घरंगळून खाली. तिसरा खांब मधे घातला की पाटी दोनच खांबांवर टेकते आणि तिसऱ्यावर डुगडुगते. चार वर्षांची एक मुलगी खांब बदलून बदलून थकली, मग एकेक ठोकळा उचलून गालाजवळ धरून बघत म्हणाली, “ताई, हा खोटा आहे.” ती बरोबर होती. खेद याचा वाटतो, की काही मुलं ठोकळ्याला खोटं ठरवत नाहीत. “मला नाही येत” म्हणून कोपऱ्यातून उठून जातात. शेजारी शेजारी उभारलेल्या दहा थरांच्या दोन मनोऱ्यांत, एक जुन्यांचा आणि एक नव्यांचा, तर पूर्ण एक सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यांना जोडणारा ठोकळा वर ठेवला की तो तिरका बसतो आणि पुढचा थर त्याच बाजूला कलतो.

विक्रेत्याचा दुसरा युक्तिवाद दमट हवेचा होता: लाकूड फुगतं. फुगतं हे खरं, पण कसं फुगतं तेही बघावं. लाकूड त्यातल्या तंतूंच्या रेषांच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, रेषांच्या आडवं फुगतं. एकक ठोकळ्यात रेषा लांबीच्या दिशेने जातात, म्हणजे फुगणार रुंदी आणि जाडी. जाडी ३५ ची ३६ होण्याइतकं लाकूड फुगलं असतं, तर त्याच हिशोबाने रुंदीही ७० ची ७२ च्या आसपास गेली असती. व्हर्नियर कॅलिपरने मोजलं तर रुंदी नेमकी ७० आणि जाडी ३६. म्हणजे दोष हवेचा नाही, रंधायंत्राच्या मापाचा आहे. फळी एका मिलिमीटरने जाड ठेवून रंधली आणि तपासणीत कुणी पाहिलं नाही.

हे कॅलिपरच्या फोटोंसह कळवलं. आधी उत्तर, की “तुटलेला माल असेल तरच बदली”. मग उत्तरच नाही. मग पुन्हा तेच. बऱ्याच पाठपुराव्यानंतर एकक आणि अर्धे बदलून मिळाले. बदलून आलेले ३५ मिमीचे आणि चोख आहेत. कमानी आणि चौपट बदलले नाहीत, आणि परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी. चूक कारखान्याची असताना हा खर्च शाळेने का सोसायचा, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मधल्या काळात संचाबद्दलचं एक मत मात्र पूर्ण बदललं. सुरुवातीला मुख्य नाराजी ही होती, की यात माणसं, प्राणी, गाड्या, झाडं काहीच नाही; नुसते बिनरंगी ठोकळे. म्हणून वेगळी खेळणी आणून ठेवली. झालं असं, की गाड्यांची टोपली कोपऱ्यात असली की ठोकळ्यांचा फक्त रस्ता होतो, सरळ एका रांगेत, आणि खेळ गाड्यांचा होतो. टोपली काढून घेतली आणि दोन-तीन लाकडी माणसं, कापडाचे तुकडे, पुठ्ठ्याच्या नळ्या, कागद-पेन्सिल एवढंच ठेवलं, तर बांधकाम तिपटीने वाढलं. अर्धा ठोकळा फोन झाला, त्रिकोणी ठोकळा झोपलेलं मांजर झाला, कापड पाणी झालं. ठोकळ्यावर चित्र नाही हीच त्याची ताकद आहे. रंगीत संचात मुलं आधी रंग जुळवतात, आकाराकडे नंतर पाहतात. बिनरंगी संचाच्या बाजूने आता ठाम मत आहे.

वयाचा मुद्दाही इथे येतो. अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या ठोकळेकामाचे टप्पे नोंदवून ठेवले: आधी नुसतं उचलून इकडून तिकडे नेणं, मग रांगा आणि मनोरे, मग पूल, मग कुंपण, मग नक्षी आणि समतोल, मग रचनेला नाव देणं, आणि त्यानंतर खरीखुरी इमारत डोळ्यांपुढे ठेवून तिच्यात नाटक खेळणं. संच वापरताना हा क्रम डोळ्यांसमोर दिसतो. म्हणून नुकत्याच आलेल्या मुलाला “काय केलंस?” विचारू नये. त्याने काही ‘केलेलं’ नसतं, तो वजन आणि तोल चाखत असतो. विचारलं की ते घाईने काहीतरी नाव सांगतं आणि पुढच्या वेळी ताईंना आवडेल ते करायला बसतं. त्याऐवजी दिसतं ते बोलावं: “दोन्ही बाजूंना लांब ठोकळे लावलेस”, “हा सगळ्यात वर कसा टिकला?” पूल पडत असेल तर हात न लावता शेजारी बसून थांबावं. खांब फार लांब लांब आहेत, हे मूल दुसऱ्या-तिसऱ्या पडझडीत स्वतःच ओळखतं.

वजनाबद्दल: बीचचा एकक साधारण २४० ग्रॅम भरतो, चौपट एक किलोच्या जवळ. त्यामुळे मनोरा मुलाच्या खांद्याच्या वर जाऊ देऊ नये, आणि चौपट डोक्यावरून कुणी नेऊ नये. तराजूत घालून “दोन अर्धे बरोबर एक” दाखवायचा मोह टाळा; एकाच मापाच्या दोन लाकडी ठोकळ्यांची घनता वेगळी असते आणि तराजू हमखास एका बाजूला झुकतो. समानता दाखवायची ती लांबीची आणि उंचीची.

किती ठोकळे लागतात? एका वेळी चार-पाच मुलं बांधणार असतील तर दोनशेच्या खाली काम होत नाही. कमी ठोकळ्यांत भांडणं होतात आणि रचना कुंपणाच्या पुढे जात नाही. त्यात एकक आणि दुप्पट मिळून निम्मे तरी हवेत. आकर्षक दिसणाऱ्या कमानी, वळणं आणि दंडगोल भरून संख्या वाढवलेले संच घेऊ नयेत. संपतात ते नेहमी एकक. वळणाचे चौथाई तुकडे आधी बिनकामाचे वाटले होते. पण चार जोडून गोल होतो हे एका मुलाला सापडलं, की विहीर, तळं, सर्कस सुरू होते. थोडे असावेत, चाराच्या पटीत असावेत.

टोपलीत किंवा प्लॅस्टिकच्या टबात ठोकळे कधीच ओतू नयेत. कोपरे उडतात, आणि हवा तो आकार शोधायला मूल सगळे उपसतं. उघडी, बुटकी मांडणी हवी, ठोकळ्याची लांब बाजू समोर दिसेल अशी, जड आकार सर्वांत खाली. प्रत्येक आकाराची खऱ्या मापाची बाह्यरेषा गडद चिकटपट्टीतून कापून फळीवर लावली, की आवरणं हाच जुळणीचा खेळ होतो. आवरताना “सगळं उचला” म्हटलं की कुणी हलत नाही. “आधी चौपट” म्हटलं की लगेच सुरुवात होते, आणि शेवटी उरलेले त्रिकोणी दोन मुलं मिनिटभरात लावतात. मांडणीपासून साधारण ६० सेंमीवर जमिनीवर पट्टी चिकटवावी आणि पट्टीच्या आत बांधकाम नाही हा नियम ठेवावा. नाहीतर ठोकळा घ्यायला वाकणारं मूल दुसऱ्याचा वाडा पाडतं, आणि सगळा वेळ समजूत काढण्यात जातो. पाडण्याचा नियम एकच: ज्याने बांधलं त्यानेच पाडायचं.

खाली फोमची चटई नको. फोम दबतो आणि कुणी शेजारून चाललं की मनोरा हलतो. आखूड लवेचा, घट्ट विणीचा गालिचा सर्वांत बरा, आवाजही दबतो. कोपरा दारापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावा, म्हणजे अर्धवट रचना दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकते. अर्धी राहिलेली रचना सकाळी तशीच दिसली, की मुलं तिच्यात मजला चढवतात, पाटी लिहितात, तिकिटं काढतात. रोज संध्याकाळी सगळं आवरायला लावलं तर हे घडायला वेळच मिळत नाही. हा संच घेऊन कुणाला निराशा आली असेल, तर पहिला संशय वेळापत्रकावर घ्यावा. पंधरा मिनिटांच्या तासिकेत मनोऱ्यापलीकडे काही होत नाही, निदान पाऊण तास सलग हवा.

निगा सोपी आहे. ओलसर फडक्याने पुसायचं, हवं तर थोडा सौम्य साबण, आणि लगेच टोकावर उभं करून सावलीत वाळवायचं. पाण्यात बुडवलं की टोकाकडून पाणी शिरतं आणि ठोकळा पिळवटतो. कुसळ निघालं तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, रेषांच्या दिशेने, मग २२० ने. वॉर्निश लावू नका, चकचकीत ठोकळे घसरतात आणि उंच रचना टिकत नाही.

घेणाऱ्यांनी पेटी उघडल्यावर पहिल्याच दिवशी, लेबल फाडायच्या आधी, एवढं करावं. सपाट टेबलावर चार एकक आडवे रचा, शेजारी एक टोकावर उभा करा, वरून फूटपट्टी टेकवा. पट्टी डुगली तर मोजा. मग दोन अर्धे एका एककाशेजारी, दोन एकक एका दुप्पटशेजारी. प्रत्येक आकारातले निदान पाच ठोकळे तपासा, कारण एकच ठोकळा नेमका असू शकतो. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, कारण लाकूड खरंच थोडं हलतं. एक मिलिमीटर नाही. तीन वर्षांखालची मुलं असतील तर ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणी नळीत पूर्ण मावणारा एकही तुकडा संचात नको. या संचात ३५ मिमीपेक्षा बारीक काही नाही, ती चिंता नाही.

आणि पुढे वाढवायचाच असेल तर जास्तीचे ठोकळे पहिल्याच खरेदीत, एकाच घाण्यातून घ्या. नंतर घेतलेच तर देयकावर “जाडी ३५ मिमी, फरक असल्यास बदली विक्रेत्याच्या खर्चाने” असं लिहून घ्या. तोंडी आश्वासनाचा काही उपयोग होत नाही.

मूळ संचाला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो कमानीतून निघालेल्या अर्धवर्तुळासाठी. ते कमानीत परत बसवलं तर सैल पडतं. जोडसंचाला दोन, आणि तेही एकक बदलून मिळाले म्हणून. न बदललेल्या कमानी आणि चौपट मुलांच्या मांडणीवरून काढून अंगणात ठेवले आहेत. तिथे मातीत पूल कुणी मोजत नाही, पण घसरगुंडी आणि पाटाचं पाणी वाहून नेण्यासाठी चौपट रोज लागतात.