आर१५, आरएस२००, आरसी २०० की जिक्सर एसएफ २५०? ॲव्हरेज बघून ठरवताना

स्पोर्ट बाईक घ्यायचं ठरलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" प्रश्न अगदी रास्त आहे. हप्ते तीन वर्षांत फिटतात, पेट्रोल मात्र गाडी विकेपर्यंत भरावं लागतं.

दोन लाखांच्या अलीकडे-पलीकडे या चार गाड्यांत बहुतेकांचं मन अडकतं. यामाहा आर१५ व्ही४ चं इंजिन १५५ सीसीचं, ताकद १८.४ पीएस, टाकी ११ लिटरची. बजाज पल्सर आरएस२०० आणि केटीएम आरसी २०० या दोन्ही १९९.५ सीसीच्या आणि २५ पीएसच्या आसपासच्या. टाकी पल्सरला १३ लिटर, आरसीला १३.७. सुझुकी जिक्सर एसएफ २५० मध्ये २४९ सीसी, २६.५ पीएस आणि १२ लिटरची टाकी.

शहर आणि हायवे मिळून, गाडी न पिळता चालवली तर आर१५ लिटरला ४५ च्या आसपास जाते. जिक्सर २५० आणि आरएस२०० साधारण ३५-३६, आरसी ३३ च्या आगेमागे. हात जड असेल तर प्रत्येकीतून चार-पाच सहज वजा करा. गंमत टाकीच्या हिशोबात आहे: सगळ्यांत लहान टाकीची आर१५ एका फुल्ल टाकीत ४९० किलोमीटरच्या घरात जाते, तर बाकीच्या तिघी ४३० ते ४५५ मध्ये. त्यामुळे "टाकी मोठी म्हणजे लांब पल्ल्याची गाडी" या बोलण्यावर जाऊ नका.

आता खिशाचं बघू. रोज ४० किलोमीटर म्हणजे महिन्याला १,२००. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ४५ आणि ३५ च्या ॲव्हरेजमध्ये महिन्याला साडेसात लिटरचा, म्हणजे सुमारे ८०० रुपयांचा फरक पडतो. वर्षाचे साडेनऊ हजार. कॉलेज किंवा पहिल्या नोकरीच्या काळात ही रक्कम लहान नाही. आरएस आणि आरसीमधला फरक मात्र महिन्याला सव्वादोनशे रुपयांचा. तेवढ्यासाठी मनातली गाडी सोडू नका.

आर१५ ला हे जमतं कसं? ती सर्वांत हलकी आहे, १४२ किलोच्या आसपास. शिवाय तिच्या व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल सोडणाऱ्या झडपांची, रचना ७,४०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला ७,४०० फेऱ्यांना) बदलते. त्याच्या खाली इंजिन शांत, काटकसरीच्या कॅमवर (झडप उघडणाऱ्या भागावर) चालतं, वर गेलं की जोराच्या कॅमवर. बदल झाला की मीटरवर व्हीव्हीए अशी अक्षरं दिसतात. ती अक्षरं जितकी कमी दिसतील तितकं ॲव्हरेज चांगलं.

पण हायवेवर चित्र बदलतं. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. पुणे-कोल्हापूरला मागे माणूस आणि बॅग घेऊन खंबाटकी चढताना १५५ सीसीला गिअर खाली टाकून वरच्या आरपीएमला ओढावं लागतं, आणि तिथेच तिची काटकसर संपते. जिक्सर २५० कडे २२.२ एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, आहे, आर१५ कडे १४.२. म्हणून तोच घाट जिक्सर कमी धडपडीत चढते. महिन्यातून दोन-तीनदा गावी जाणाऱ्याला मी जिक्सरच सुचवेन. हँडलही तुलनेने उंच, त्यामुळे दोनशे किलोमीटरनंतर मनगटं बोलत नाहीत.

आरसी २०० मला मनापासून आवडते. चाकणला बनते, वळणावर तिच्यासारखी दुसरी नाही. पण चौघींत ती सर्वांत महाग, बैठक सर्वांत पुढे झुकलेली, आणि ट्रॅफिकमध्ये तिचा त्रास होतो. ॲव्हरेज हा पहिला निकष असेल तर ती तुमची गाडी नाही. त्याच सीसीची आरएस२०० रोजच्या वापराला जास्त सोपी. वजन १६६ किलो आहे, ते पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना जाणवतं.

आणखी एक. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे जुन्या व्हिडिओंतले ॲव्हरेजचे आकडे आज जसेच्या तसे धरू नका, थोडे खालीच धरा.

ओळखीत यांपैकी कुणाची गाडी असेल तर त्याला टाकी ते टाकी मोजायला सांगा: फुल्ल करा, ३०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. मीटरवरच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा. आणि टेस्ट राइडला जाल तेव्हा पाठीवर रोजची बॅग घेऊन, शक्य झाल्यास मागे बसणाऱ्यालाही सोबत नेऊन बघा. आर१५ ची मागची सीट पाहून बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच फिरतो.