अंकी की बीबीसी?

भाची मुलाखतींच्या तयारीला लागली आहे. "मामा, अंकी या ॲपवर इंग्रजी शब्दांची कार्डं घोटू की बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' ऐकू? दोन्हीला वेळ नाही."

खर्चाचं सोपं आहे. बीबीसीचं फुकट, लेखी संहितेसकट. अंकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात.

मेहनत अंकीला जास्त. चार दिवस उजळणी चुकली की कार्डं तुंबतात, मग ॲप उघडायचंच जिवावर येतं. ऐकायला मात्र बसमध्ये इअरफोन पुरे.

संदर्भात बीबीसी सरस. दोन निवेदक एखाद्या विषयावर बोलतात, ओघात सहा शब्द किंवा वाक्प्रचार येतात, शेवटी त्यांची उजळणी होते. 'आय सी युअर पॉइंट' याचा अर्थ कार्डावर पाठ होईल. पण त्यामागून बहुतेकदा 'बट' येतो आणि समोरचा नम्रपणे नकार देत असतो, हे कानांनाच कळतं.

लक्षात राहण्यात अंकी पुढे. अडलेलं कार्ड लवकर परत येतं, सोपं लांबणीवर जातं. आयते संच मात्र घेऊ नयेत. ऐकलेलं अख्खं वाक्य स्वतः लिहावं आणि शिकायचा शब्द गाळावा.

मुलाखत पंधरा दिवसांवर असेल तर ऐकावं, सोबत मोठ्याने म्हणावं. आयईएलटीएससारखी परीक्षा सहा महिन्यांवर असेल तर अंकी. शब्द येतात पण तोंडच उघडत नाही, अशांना दोन्ही अपुरं. त्यांना बोलायला माणूस हवा.